चिखलाला तळ आहे का? सहाचाकी उभयचर गाडीसाठी टायर निवडताना

पेणच्या आमच्या खारजमिनीत भातलावणीच्या दिवसांत वडील बांधावरून खाली उतरायच्या आधी हातातली काठी चिखलात खुपसायचे. काठी कुठे जाऊन थांबते ते बघायचे आणि मग पॉवर टिलर कुठून उतरवायचा ते सांगायचे. काठी वीतभर जाऊन टणक लागली की लोखंडी चाकं लावून बिनधास्त उतरायचं. काठी जातच राहिली, तर तो कोपरा हातानंच चिखलायचा. आज मी उत्तर ओंटारिओत राहतो, माझ्याकडे सहाचाकी उभयचर गाडी आहे आणि काठीच्या जागी दोन मीटरची लोखंडी सळई आहे. चिखलाला विचारायचा प्रश्न मात्र तोच आहे.

गेल्या काही वर्षांत इकडच्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांनी तळ्याकाठी जागा घेतल्या. त्यातल्या काहींनी जुन्या सहाचाकी गाड्याही घेतल्या आणि मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते टायरबद्दल. ‘चिखलासाठी सगळ्यात चांगला टायर कुठला?’ या प्रश्नाला एका नावात उत्तर नाही. चिखल दोन जातींचे असतात आणि एकाला चालणारा टायर दुसऱ्यात गाडी गाडतो. तुमचा चिखल कुठला हे आधी ठरवा, पैसे नंतर खर्च करा.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. होडीसारखा प्लॅस्टिकचा सपाट बुडाचा खोका, त्यात इंजिन आणि बाहेर दोन्ही बाजूंना तीन-तीन फुगीर चाकं. ओंटारिओतल्याच न्यू हॅम्बर्ग गावात १९६७ पासून बनणारी ‘आर्गो’ यांतली सर्वांत परिचित. अमेरिकेतल्या बफेलोची ‘मॅक्स’ही जुन्या बाजारात दिसते. एका बाजूची तिन्ही चाकं चेननं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे ती एकाच वेगानं फिरतात. पुढची चाकं वळत नाहीत. एका बाजूला ब्रेक लागतो, दुसरी बाजू ढकलते आणि गाडी घसटत वळते. स्प्रिंगा नाहीत, शॉक ॲब्सॉर्बर नाहीत. पाण्यात उतरल्यावर पंखाही नाही, फिरणारे टायरच वल्ह्यांचं काम करतात.

म्हणजे साध्या गाडीत चार वेगवेगळे भाग जे करतात ते सगळं इथे टायरच्या अंगावर पडतं. धक्के त्यानंच झेलायचे, घसटत वळण्याचा ताण त्यानंच सोसायचा, चिखलात पकडही त्याचीच आणि पाणीही त्यानंच कापायचं. म्हणून चारचाकी एटीव्हीचा नावाजलेला चिखलाचा टायर आणून इथे बसवला की काम झालं, असं होत नाही.

आता त्या दोन चिखलांकडे येऊ. इथे ते शेजारी शेजारी सापडतात. कॉक्रन-कपस्केसिंगच्या पट्ट्याला ‘क्ले बेल्ट’ म्हणतात. हिमयुगाच्या अखेरीस इथे बर्फ वितळून ओजिब्वे नावाचं प्रचंड सरोवर झालं होतं. त्याच्या तळाशी बसलेली बारीक चिकणमाती आज जंगलातल्या कच्च्या वाटांवर पसरली आहे. पावसात ती वरून लोण्यासारखी होते, पण खाली टणक थर असतो. हा तळ असलेला चिखल. आपल्याकडच्या भातखाचरातही असंच असतं. वर्षानुवर्षांच्या नांगरटीनं आणि चिखलणीनं खाली कठीण थर बसलेला असतो, म्हणून तर तिथे टिलर चालतो.

दुसरा चिखल म्हणजे मस्केग. शब्द क्री लोकांच्या भाषेतला. हडसनच्या उपसागराकडे जाऊ लागलं की मैलोन्‌मैल हीच पाणथळ जमीन. थंड, आंबट पाण्यात शेवाळ पुरतं कुजत नाही, थरावर थर साचत जातो आणि त्याचं पीट होतं. वर्षाला मिलिमीटरभर, पुष्कळदा त्याहूनही कमी. दोन-तीन मीटर खोल पीट म्हणजे हजारो वर्षांची साठवण. त्याच्यावर शेवाळाच्या, गवताच्या आणि झुडपांच्या मुळांचं विणलेलं एक जाड आवरण असतं. पाण्यावर ओली घोंगडी अंथरावी तसं. चालताना पावलाखाली ती घोंगडी हलते आणि चार हातांवरचं खुरटं झाड डोलतं. तुमची गाडी या घोंगडीवर उभी राहते. घोंगडी फाटली की खाली आधार नाही.

पहिल्या वर्षी मी नेमकी ती घोंगडीच फाडली. दुकानात खोल नक्षीचे, जाड बाजूंचे, दिसायला दणकट असे सहा टायर घेतले. चिकणमातीच्या वाटेवर त्यांनी कमाल केली. त्याच आठवड्यात मस्केगमध्ये उतरलो. पन्नासेक मीटर गाडी बरी चालली. मग किंचित चढ आला, चाकं फिरली आणि रबराच्या ठोकळ्यांनी मुळांचं जाळं करवतीसारखं कापलं. अर्ध्या मिनिटात मागची दोन्ही चाकं काळ्या पाण्यात. गाडी बाहेर काढायला संध्याकाळ झाली. ती जखम मी पुढची तीन वर्षं पाहत होतो. काळ्या पाण्याचे दोन लांब चर तसेच राहिले, शेवाळानं ते भरले नाहीत. जिथे मिलिमीटर साचायला वर्ष लागतं तिथे आपण काय केलं हे बघून मला फार वाईट वाटलं. टायरबद्दल मी इतकं बारकाईनं बोलतो त्याचं एक कारण ते चर आहेत.

तेव्हा सळई घ्या. बोटाएवढी जाड, दोन मीटर लांब, वर आडवी मूठ. जिथून तुम्ही नेहमी जाणार आहात तिथे दहा-बारा ठिकाणी हातानं दाबून बघा. या गाड्यांचं बूड जमिनीपासून साधारण वीतभर उंच असतं. सळई वीतभर किंवा त्याहून थोडी जास्त जाऊन थांबली, तर चाकं तळापर्यंत पोचतील आणि ठोकळ्यांना पकड मिळेल. हातभर गेली, तर बूड चिखलावर टेकणार आणि गाडी अर्धी घसरगुंडी होणार. तरीही खोल नक्षीचा टायर तिला ओढू शकतो. त्याच्याही खाली गेली, तर तळ नाही असंच धरून चाला. आणि सळई दाबताना वर मुळांचा थर लागतो का तेही हाताला कळू द्या. आधी चिवट विरोध, मग एकदम ‘भस्स’ करून मोकळं. ही मस्केगची खूण.

तळ असलेल्या चिखलासाठी टायर निवडताना नक्षी बघा. ठोकळे इंचभर तरी उंच हवेत, पण त्याहून महत्त्वाची त्यांच्यातली मोकळी जागा. ठोकळे दाटीवाटीनं असले की चिकणमाती मध्ये भरून बसते आणि चौथ्या-पाचव्या फेऱ्याला टायर गुळगुळीत गोळा होतो. दुकानात टायर हातात घ्या, दोन ठोकळ्यांमध्ये तीन बोटं सहज बसतात का बघा. दिशा असलेली, ‘व्ही’सारखी नक्षी चिखल बाहेर फेकते. मात्र बसवताना बाण बघून बसवा. उलटा बसला तर तोच टायर चिखल मध्यभागी गोळा करतो. इथे थोडा अरुंद टायर फायद्याचा ठरतो, कारण त्याला खाली पोचायचं असतं.

तळ नसलेल्या ठिकाणी सगळं उलटं. रुंद टायर, मऊ बाजू, गोलसर आणि बुटके ठोकळे, आणि हवा जितकी कमी ठेवता येईल तितकी. तिथे टायरनं खणायचं नाही, तरंगायचं. म्हणूनच या गाड्यांबरोबर कारखान्यातून येणारे टायर पाहणाऱ्याला अगदीच साधे वाटतात आणि नवीन मालक ते आधी काढून टाकतो. थांबा. ते टायर मऊ ठेवलेत ते विचार करूनच.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे. टायर ओला करा, जमिनीवर पुठ्ठा ठेवा, गाडी हळूच त्यावर आणा आणि उठलेला ठसा मोजा. माझी गाडी माणसं आणि सामानासकट साधारण ६५० किलो भरते, म्हणजे चाकामागे १०८ किलो. मऊ टायरमध्ये ३ पौंड हवा असताना ठसा २५ सेंटिमीटर रुंद आणि २० लांब उठला, ५०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे जमिनीच्या दर चौरस सेंटिमीटरवर २२० ग्रॅमच्या आत भार. सत्तर किलोचा माणूस चालताना एका पायावर येतो, तेव्हा बुटाखाली २०० चौरस सेंटिमीटर धरले तरी ३५० ग्रॅम भार पडतो. साडेसहाशे किलोची गाडी माणसापेक्षा हलकी चालते ती अशी. तीच गाडी, तीच ३ पौंड हवा, पण त्या जाड बाजूंच्या टायरवर ठसा जेमतेम १४ सेंटिमीटर लांब उठला. हवा काढली तरी त्याच्या जाड भिंतीच वजन उचलून धरतात, टायर पसरत नाही. सहा प्लायचा, म्हणजे असा जाड बाजूंचा, टायर काट्याकुट्यांना, खडकांना उत्तम, पण मस्केगमध्ये तो नको. दोन किंवा चार प्लायचा शोधा.

भारतात लष्करानं घेतलेली चारचाकी ‘एटोर’ गाडी तुम्ही छायाचित्रांत पाहिली असेल. ती मूळची ‘शेर्प’. जवळजवळ माणसाच्या उंचीचे तिचे टायर पाहून लोकांना ते ताकदीचं काम वाटतं. तिथेही खेळ प्रचंड, मऊ, कमी हवेच्या टायरचाच आहे.

आता हवेबद्दल. टायर निवडण्यात जितकं डोकं लावाल तितकंच इथे लावा. पंपावरच्या गेजवर ३ पौंड दिसतच नाहीत, काटा हललेला कळत नाही. शून्य ते दहा पौंडांचं वेगळं गेज मिळतं ते घ्या. अर्ध्या पौंडाचा फरक इथे मोठा असतो.

आणि हवामान. एका ऑक्टोबरमध्ये मी गरम गॅरेजमध्ये, वीस अंशांत, सहाही टायरमध्ये मोजून ३ पौंड भरले. सकाळी बाहेर शून्य अंश होतं. अर्ध्या तासानं एका ओंडक्याजवळ घसटून वळताना पुढच्या डाव्या टायरची कड रिमवरून निसटली आणि चाक फसकन बसलं. बाकीचे पाच मोजले तर दोनच्याही खाली. पंक्चर कुठेच नव्हतं. गेज दाखवतं तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब. खरा दाब मोजायचा तर त्यात वातावरणाचे १४.७ पौंड मिळवावे लागतात. म्हणजे आपले ३ पौंड खरे १७.७. वीसवरून शून्यावर आल्यावर ते साधारण १६.५ होतात, आणि गेजवर उरतात फक्त १.८. कारच्या ३० पौंडांत असा फरक तीनेक पौंडांचा म्हणून खपून जातो, इथे तो जवळजवळ अर्धी हवा घेऊन जातो. तेव्हा हवा बाहेरच्या थंडीत, गाडी निघायच्या जागी भरा. थंड पाण्यात उतरून आल्यावर पुन्हा एकदा बघा.

कड निसटण्याची भीती या गाड्यांत कायमची, कारण प्रत्येक वळणावर टायर आडवा ओढला जातो. खूप कमी हवेवर चालवायचं ठरवलंत तर कड पकडून ठेवणारे बीडलॉक रिम घ्या. खर्चीक आहेत, पण मस्केगमध्ये नेहमी जाणाऱ्यानं टाळू नयेत. निदान छोटा पंप, पंक्चरच्या वाती आणि खटक्याचा पट्टा गाडीत ठेवा. पट्टा टायरभोवती मधोमध आवळला की कडा बाहेर पसरून रिमला टेकतात आणि हवा धरली जाते. पेटणारा स्प्रे मारून टायर बसवण्याचे व्हिडिओ दिसतात. तसं करू नका, त्यात हात गेलेत लोकांचे.

मापाकडे वळू. टायरवर २४×१०-८ लिहिलेलं असतं. उंची २४ इंच, रुंदी १०, रिम ८ इंचाचा. अनेक आर्गोंवर हेच माप येतं, मोठ्यांवर २५×१२-९. मोठा टायर लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण उंची एक इंच वाढली की बूड अर्धा इंचच वर जातं, आणि त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. बावीस इंची टायर काढून पंचवीसचा लावला तर जमिनीवरची ओढ १२ टक्क्यांनी घटते. इंजिन तेच, चेनवर ताण जास्त, वळताना दम लागतो. शिवाय या गाडीची चाकं एकमेकांना जवळजवळ खेटून असतात. उभ्या गाडीत दिसणारी फट खरी मानू नका. वेगात फिरताना मऊ टायर फुगतो, वळताना वाकतो आणि फटीत चिखल आणि काटक्या अडकतात. दोन टायरमध्ये आणि टायर व खोका यांत मी दोन बोटांपेक्षा कमी जागा ठेवत नाही.

सहाही टायर एकाच मापाचे हवेत, आणि माप म्हणजे छापलेलं नव्हे, फितीनं मोजलेलं. झिजलेल्या जुन्या टायरशेजारी एक नवा लावला आणि त्यांच्या उंचीत एक इंचाचा फरक असला, तर दर फेऱ्याला ८ सेंटिमीटरचा फरक पडतो. चेननं ती चाकं एकत्र बांधलेली. एकानं तरी घसटायलाच हवं, किंवा चेननं ताण सोसायला हवा. चिखलात हे लपतं, कडक रस्त्यावर चेन आणि स्प्रॉकेट खाऊन टाकतं. डाव्या-उजव्या बाजूंत फरक असला तर गाडी सारखी एकीकडे ओढते. टायर घ्यायचे तर सहा घ्या. ते परवडत नसेल तर जुने सहा तसेच चालवा आणि पैसे साठवा.

एक अपवाद मात्र हवेचा. कडक जमिनीवर बरंच चालायचं असेल तर मधल्या दोन चाकांत अर्धा-पाऊण पौंड जास्त ठेवा. वजन मध्यावर येतं आणि वळणं सोपी होतात. चिखलाच्या तोंडाशी आल्यावर ती जास्तीची हवा काढून सगळे सारखे करा, नाहीतर मधलं चाक एकटंच रुतू लागतं.

पाण्यात काय होतं तेही लक्षात घ्या. नुसत्या टायरांवर ही गाडी तासाला चार-पाच किलोमीटर जाते, म्हणजे माणसाच्या चालीनं. खोल ठोकळे इथे उपयोगी पडतात, बुटके थोडे मंद. पण जड टायर गाडी पाण्यात खाली बसवतो. फुगलेला टायर स्वतः तराफ्याचं काम करत असतो, एकेक टायर पन्नासेक लिटर पाणी बाजूला सारू शकतो. म्हणून कुणी सांगितलं तरी टायरमध्ये फोम किंवा पाणी भरू नका.

टायरवरून चढवायचे रबरी पट्टे हा शेवटचा उपाय. जमिनीवरचा भार ते तिसऱ्या हिश्शापर्यंत उतरवतात आणि बर्फावर त्यांना तोड नाही. पण ते ठराविक टायरवरच बसतात, हवा जास्त लागते आणि इंजिनावर भार येतो. वर्षातून चार दिवसांसाठी घेऊ नयेत असं माझं मत.

जुने टायर घेत असाल तर हवा काढून बाजू दुमडून बघा. दुमडीत बारीक भेगांचं जाळं दिसलं तर सोडून द्या, कारण कमी हवेवर तीच जागा रात्रंदिवस वाकणार आहे. बाजूवर चार आकडी तारीख असली तर तीही वाचा. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा.

आणि दोन्ही प्रकारचा चिखल वाटेत असेल तर? बहुतेकांचं तसंच असतं, माझंही. तेव्हा टायर तळ नसलेल्या चिखलासाठी निवडा. मऊ टायर चिकणमातीत घसरला तर विंच आहे, दोर आहे, झाडं आहेत. मस्केगमध्ये दोर बांधायला झाड मिळालं तरी ते मुळासकट हातात येतं. मी ते दणकट टायर शेवटी विकले आणि गाडीबरोबर आलेले साधे टायर पुन्हा चढवले. विकत घेणाऱ्याची जमीन चिकणमातीची आहे, त्याला ते छान चालतात.

नवीन टायर लावल्यावर पहिल्या दिवशी फार लांब जाऊ नका. पन्नास मीटर जा, थांबा, इंजिन बंद करा आणि उतरून मागचा माग बघा. शेवाळ दबलेलं दिसेल, ठशात पाणी झिरपत येईल. पाच मिनिटं तिथेच उभे राहा. शेवाळ हळूहळू वर येऊ लागलं तर टायर बरोबर आहे. तुटलेली पांढरी मुळं आणि काळं पाणी दिसलं तर अर्धा पौंड हवा कमी करा, दुसऱ्या बाजूनं वळसा घ्या आणि त्या मागावरून परत येऊ नका.